लाल दिवा लागला म्हणजे कॉल रेकॉर्ड झाला असं नाही

नागपूरच्या महाल भागातल्या एका निवृत्त जोडप्याला प्लॉटच्या वादातून लँडलाइनवर धमक्या येत होत्या. हाताशी पुरावा असावा म्हणून त्यांनी कॉल रेकॉर्डर बसवून घेतला. यंत्राचे ६,५००, नव्या वायरीचे १,८०० आणि 'वार्षिक परवान्याचे' १,२०० असे ९,५०० रुपये गेले. तीन महिन्यांनी वकिलांनी रेकॉर्डिंग मागितलं, तेव्हा मेमरी कार्डात फक्त काकांचाच आवाज निघाला. धमकी देणाऱ्याचा एक शब्दही नव्हता. लँडलाइनवर मुख्यतः घरातली वडीलधारी माणसंच बोलतात आणि असले विक्रेते नेमकी तीच घरं गाठतात. म्हणून हा सगळा प्रकार तपशिलात सांगतो आहोत.

पहिल्या दिवशी विक्रेत्याने रेकॉर्डरचा डबा रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीला जोडला. लाल दिवा दाखवला, पैसे घेतले आणि निघून गेला. संध्याकाळपासून फोन मुका झाला. रिसीव्हर उचलला तर डायल टोन नाही, बाहेरून लावणाऱ्याला सतत एंगेज. दुसऱ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, "लाइन खराब आहे, पावसात वायर सडली." नवी वायर टाकल्यावर फोन सुरू झाला. दिवाही लागत होता. घरच्यांना वाटलं, काम झालं.

डबा उघडल्यावर खरी गोष्ट कळली. आत हातात धरून वापरायचा साधा व्हॉइस रेकॉर्डर होता, त्याच्या बटणांवर टेप चिकटवलेली. शेजारी एक छोटा ट्रान्सफॉर्मर होता. त्याची दोन टोकं लाइनला थेट डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली होती आणि मधे कपॅसिटरच नव्हता, म्हणजे डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडणारा भाग. फोन बिघडला तो यामुळेच. रिसीव्हर खाली असताना लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो आणि उचलला की तो ६ ते १० व्होल्टवर येतो. लाइनमधून करंट वाहू लागला की एक्स्चेंज समजतं, फोन उचलला. कपॅसिटरशिवायच्या ट्रान्सफॉर्मरमधून हा करंट अखंड वाहत राहतो, म्हणजे एक्स्चेंजच्या दृष्टीने फोन कायम उचललेलाच. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याने वायर बदलण्याच्या निमित्ताने हे दोन्ही डाग कापून टाकले. तेव्हापासून डबा खोलीतला आवाज नुसत्या माइकवर टिपत होता. जुनी वायर पूर्ण धडधाकट होती.

हे पकडायला दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. मीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा. रेकॉर्डर काढून, रिसीव्हर खाली ठेवून रोझेटच्या दोन स्क्रूंवर आकडा बघा आणि लिहून ठेवा. मग रेकॉर्डर जोडून पुन्हा बघा. दोन्ही आकडे जवळपास सारखेच हवेत. ४८ चे ३० झाले तरी डबा लाइनवर बोजा टाकतो आहे, तो परत करा. हात सांभाळा. रिंग येताना लाइनवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि चांगला झटका बसतो. स्क्रूला हात लावायचा असेल तर आधी लाइन सोडवा.

नीट बनवलेल्या जोडणीत दोन्ही तारांवर एकेक ०.४७ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर असतो. त्यापुढे ६००:६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर. दुसऱ्या बाजूला उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड, म्हणजे रिंगचा धक्का पुढे जात नाही. मग १० किलोओहम आणि १ किलोओहमचे रेझिस्टर लावून आवाज माइकच्या पातळीला उतरवतात. ही पायरी गाळली की आवाज फाटतो. ट्रान्सफॉर्मर गाळला आणि रेकॉर्डर चार्जरवर असला की ५० हर्ट्झची घुमघुम येते. हे सगळे सुटे भाग मिळून काही शे रुपयांचंही काम नाही, आणि नेमकं तेच वाचवलेलं होतं.

रिसीव्हरला चिकटवायची रबरी कॉइल कोणी देत असेल तर निदान आपल्या गावात घेऊ नका. उन्हाळ्यात दिवसरात्र कूलर चालतो. ती कॉइल फोनच्या आवाजाबरोबर कूलरच्या मोटरचा गुणगुणाटही उचलते आणि समोरच्याचे शब्द त्यात बुडतात. फोनची वायरसुद्धा कूलरच्या वायरीपासून हातभर दूर न्या.

ब्रॉडबँड जुन्या तांब्याच्या तारेवर असेल तर आधी स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी) आणि त्याच्या 'फोन' तोंडाला रेकॉर्डर. उलट जोडलं तर रेकॉर्डिंगमध्ये खरखर आणि नेट तुटक. फायबर असेल तर मोडेमच्या फोन पोर्टला जोडायचं. काही मोडेमवर ४८ पेक्षा बराच कमी व्होल्टेज असतो. रेकॉर्डरला वाटतं फोन उचललेलाच आहे आणि तो रात्रभर शांतता रेकॉर्ड करून कार्ड भरतो. सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग सुरू होण्याचा व्होल्टेज कमी करता येतो का, हे घेतानाच विचारा.

कार्डातही फसवलं होतं. वर ६४ जीबी छापलेलं, आत खरी जागा ८ जीबी. साध्या डब्ल्यूएव्ही फाइलला, ८ किलोहर्ट्झ आणि १६ बिटला, तासाला ५७.६ एमबी लागतात. म्हणजे ८ जीबीत जेमतेम १३८ तास. त्यानंतरच्या फाइलींची नावं दिसतात, पण त्या वाजत नाहीत. नवं कार्ड संगणकात घालून एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या मोफत प्रोग्रॅमने आधी पूर्ण भरून तपासा.

परवान्याचं तर सरळ खोटं. घरच्या रेकॉर्डरसाठी ग्राहकाने दरवर्षी शुल्क भरायचं, असा काही प्रकारच नाही. 'कोर्टात शंभर टक्के चालेल' या बोलण्यालाही भुलू नका. संभाषणातल्या एका बाजूच्या संमतीने केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मान्य केलं. पण १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. यंत्राचं घड्याळ चुकलेलं असेल तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. आतला सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला की वीज जाताच तारीख मागे जाते. आपण ज्यात बोलत नाही असे दुसऱ्यांचे कॉल मात्र चोरून टिपू नका, तो गुन्हा ठरू शकतो.

पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर बसून एवढं करा. मोबाइलवरून घरच्या नंबरला फोन लावा. मोबाइल घेऊन एकाला अंगणात किंवा गच्चीवर पाठवा, म्हणजे त्याचा आवाज खोलीत येणार नाही. त्याला वीस आकडे मोजायला सांगा. मग कार्ड काढून स्वतःच्या लॅपटॉपवर ऐका, त्याच्या डब्यावर नाही. वीसच्या वीस आकडे स्पष्ट आले तरच पैसे द्या. काकांच्या घरी हे केलं असतं तर एकही आकडा आला नसता. 'सेटिंगसाठी' मोबाइलमध्ये स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तर साफ नकार द्या. रेकॉर्डरचा आणि मोबाइलच्या स्क्रीनचा काही संबंध नाही, त्याचा डोळा तुमच्या बँकेवर आहे.

पैसे गेलेच असतील तर डबा फेकू नका, उघडून आतले फोटो काढा. बिल, पैसे दिल्याचा मेसेज आणि मीटरवरच्या दोन्ही आकड्यांचे फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार नोंदवा. ॲप टाकून खात्यातून रक्कम गेली असेल तर त्याच तासात सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३० लावा. काकांकडे बिल नव्हतं, कच्च्या चिठ्ठीवर फक्त 'मशीन + वायर' आणि रक्कम होती. पक्कं बिल मागा, त्यावर मॉडेल आणि 'दोन्ही बाजूंचा आवाज रेकॉर्ड होतो' हे वाक्य लिहून घ्या. लिहायला नकार देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.