लाल, नारंगी, हिरवा: मुलांच्या टेनिस चेंडूंचं परीक्षण, एका कोचच्या नजरेतून

लहान मुलांना टेनिस शिकवणं हेच माझं काम. लाल, नारंगी आणि हिरवे चेंडू रोज हाताळते, आणि नवीन पालक आले की एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, हे रंगीत चेंडू घ्यायलाच हवेत का? सरळ मोठ्यांच्या नेहमीच्या पिवळ्यानंच सुरुवात केली तर?" उत्तर आधीच सांगून टाकते. घ्या. लाल चेंडूला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण, नारंगी माझा सर्वात लाडका, आणि हिरव्याबद्दल मात्र माझ्या तक्रारी आहेत. त्या पुढे सविस्तर मांडते.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं 2007 मध्ये 'प्ले अँड स्टे' ही मोहीम सुरू केली. मुलांनी पहिल्या दिवसापासून सर्व्हिस करावी, रॅली खेळावी, म्हणजे चेंडू एकमेकांकडे परतवत राहावा, आणि गुण मोजावेत, हा तिचा गाभा. 2012 पासून तर 10 वर्षे आणि त्याखालच्या गटाच्या स्पर्धांमध्ये पिवळा चेंडू नियमानंच बंद झाला. पायऱ्या तीन: पिवळ्याच्या तुलनेत लाल चेंडू सुमारे 75 टक्के संथ, नारंगी 50 टक्के आणि हिरवा 25 टक्के. कोर्टही तसंच वाढत जातं. लालचं सुमारे 11 ते 12.8 मीटर लांब, नारंगीचं सुमारे 18 मीटर, आणि हिरव्याला पूर्ण 23.77 मीटर.

आता हे सगळं कशासाठी, ते आकड्यांतूनच बघा. पालकांना मी हाच हिशोब दाखवते. चेंडूची मान्यता-चाचणी करताना तो 254 सेंटीमीटर उंचीवरून सोडतात आणि किती उसळला ते मोजतात. पिवळा चेंडू 135 ते 147 सेंटीमीटर उसळायला हवा. सात वर्षांचं मूल सरासरी 120 सेंटीमीटरच्या आसपास असतं. म्हणजे तोच चेंडू त्याच्या डोक्यावरून जाणार. लाल चेंडू त्याच चाचणीत 90 ते 105 सेंटीमीटर उसळतो, म्हणजे मुलाच्या उंचीच्या 75 ते 87 टक्के. पावणेसहा फुटी मोठ्या माणसाला पिवळा चेंडू साधारण तेवढ्याच प्रमाणात उसळलेला मिळतो. प्रत्यक्ष रॅलीत टप्पा किती उंच येईल हे चेंडू किती उंचावरून आला त्यावर ठरतं, हे खरं. पण प्रमाण तेच राहतं. तुम्हाला जे टेनिस खेळायला मिळतं, तेच लाल चेंडू त्या मुलाला देतो.

हे न दिल्यास काय होतं ते हातात दिसतं. पूर्वी दुसरीकडे पिवळ्या चेंडूवर शिकलेलं मूल माझ्याकडे आलं की मी आधी त्याचा फटका बघत नाही, रॅकेटच्या मुठीवरचा तळवा बघते. चेंडू सारखा खांद्याच्या वर येत राहिल्यानं हात हळूहळू मुठीच्या खाली सरकलेला असतो आणि रॅकेटचं तोंड जमिनीकडे झुकलेलं असतं. उंच चेंडू दाबायला ही पकड सोयीची, म्हणून मुलानं ती स्वतःच शोधून काढलेली असते. कोणी शिकवलेली नसते. पुढे कमी उंचीचा चेंडू आला, व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच फटका, मारायची वेळ आली, की हीच पकड आडवी येते आणि ती बदलायला कितीतरी महिने जातात. लाल चेंडू कमरेच्या आसपास येतो, त्यामुळे मूल चेंडू शरीराच्या पुढे गाठायला आणि रॅकेट खालून वर न्यायला आपोआप शिकतं. "रॅकेट खालून वर ने" असं मला ओरडावं लागत नाही.

लाल पायरीत दोन प्रकार मिळतात, फोमचे आणि नेहमीसारखे लव असलेले. बंदिस्त जागेत, भिंतीजवळ आणि अगदी छोट्यांसाठी फोमचा उत्तम. अंगावर लागला तरी मूल घाबरत नाही. पण उघड्यावर जरा वारा असला की तो भरकटतो, आणि ओलाव्यात पाणी पिऊन जड होतो. बाहेरच खेळणार असाल तर लववालाच घ्या. तो पिवळ्याहून मोठा असतो, 7 ते 8 सेंटीमीटर व्यासाचा, आणि वजनाला 36 ते 49 ग्रॅम. पिवळा 56 ग्रॅमच्या खाली चालतच नाही. मनगटासाठी हा फरक फार मोठा आहे.

आणखी एक सोय. पूर्ण कोर्टाची दुहेरीची रुंदी 10.97 मीटर असते, म्हणजे लाल कोर्टाच्या कमीत कमी लांबीएवढीच. एका कोर्टावर आडवी चार लाल कोर्टं सहज बसतात, त्यामुळे कोणी रांगेत उभं राहत नाही. रांगेत उभं राहून आपली पाळी आली की एक फटका मारायचा, हे मुलांना टेनिसपासून तोडणारं शिकवणं आहे असं माझं ठाम मत आहे. सामनेही छोटे, बहुतेक टायब्रेकच्या धर्तीवरचे: सातपर्यंत किंवा दहापर्यंत गुण. सहा वर्षांचं मूलही स्वतः मोजू शकतं.

लालमध्ये एकच उणीव मला खटकते, ती म्हणजे नेट. नियमात उंची 80 सेंटीमीटरपासून सुरू होते. 120 सेंटीमीटरच्या मुलाच्या दोन तृतीयांश उंचीवर ते येतं. मोठ्यांच्या कोर्टावर मधोमध नेट 91.4 सेंटीमीटर असतं. मोठ्यांना मुलांच्या प्रमाणात खेळायला लावलं तर ते सुमारे 117 सेंटीमीटरवर बांधावं लागेल, छातीपर्यंत! म्हणजे चेंडू मुलाच्या मापाचा केला, पण नेट पुरतं खाली आणलं नाही. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी सरावात मी नेट त्याहून खाली बांधते. नेट खाली आलं की मुलं चेंडू वर उडवायचं थांबवतात आणि सरळ, जोरात मारू लागतात. स्पर्धेच्या आधी 80 वर आणते, तेव्हा फार अडत नाही.

रॅकेटबद्दल फार लिहीत नाही. लालसाठी साधारण 17 ते 23 इंच, नारंगीसाठी 23 ते 25, हिरव्यासाठी 25 ते 26. मूल हात सरळ सोडून उभं राहिलं की रॅकेटचं टोक जमिनीला जेमतेम टेकावं. "दोन वर्षं वापरता येईल" म्हणून मोठी रॅकेट घेऊ नका, एवढीच विनंती.

नारंगीवर मात्र मनापासून लिहायचंय, कारण टेनिस म्हणजे डोकं चालवायचा खेळ हे मुलांना पहिल्यांदा इथे कळतं. लाल कोर्ट इतकं छोटं की प्रतिस्पर्ध्याला पळवायला फारशी जागाच नसते. नारंगी कोर्ट पुरेसं मोठं, पण मूल अजून सगळं कव्हर करू शकेल इतपतच. टेनिसमध्ये खेळाडूसमोर पाच परिस्थिती येतात: सर्व्हिस करताना, ती परतवताना, दोघंही बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, असताना, आपण नेटवर जाताना, आणि समोरचा नेटवर आलेला असताना. पिवळ्या चेंडूवर मोठ्या कोर्टात नवशिकं मूल पहिल्या तीनांतच अडकून पडतं. नारंगीवर पाचही येतात, एकाच सामन्यात, पुन्हा पुन्हा.

माझ्याकडची एक मुलगी, नऊ वर्षांची, बारीक चणीची. ताकदीत तिच्या गटात बहुधा शेवटून दुसरी. एका सराव सामन्यात समोरचा मुलगा जोरात मारायचा आणि प्रत्येक फटक्यानंतर दोन पावलं मागे सरकायचा. तिनं ते हेरलं. पुढची रॅली तिनं मुद्दाम खोल, उंच चेंडूंनी लांबवली, तो पार मागे गेला, आणि मग तिनं रॅकेट उघडी करून चेंडू नेटपलीकडे अलगद टाकला. तो पळत आला, कसाबसा पोहोचला, तेव्हा ही नेटवर उभी होती. व्हॉली मारून गुण घेतला. मी ड्रॉप शॉट शिकवलेला नव्हता, 'नेटवर जा' असंही सांगितलं नव्हतं. कोर्टाचं माप आणि चेंडूचा वेग तिच्या आवाक्यात होता, म्हणून डोक्यात आलेलं हातातून उतरलं. शिकवणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

सर्व्हिसही नारंगीवरच खरी घडते. लालमध्ये मी आधी डोक्यावरून चेंडू फेकायला लावते, नेटपलीकडे, पाय योग्य ठेवून. मग हातात रॅकेट. नारंगीवर आलं की पकड कॉन्टिनेन्टल करून घेते, म्हणजे हातोडी धरतात तशी. सुरुवातीला चेंडू बाजूला जातो आणि मुलं वैतागतात. पण सर्व्हिस बॉक्स, म्हणजे सर्व्हिस जिथे पडायला हवी तो चौकोन, जवळ असल्यानं वेग कमी असला तरी चेंडू आत पडतो, आणि मूल त्या पकडीवर टिकून राहतं. मोठ्या कोर्टावर हेच शिकवायला गेलं की चेंडू नेटपर्यंतच पोहोचत नाही, मग मूल परत फोरहँडच्या पकडीनं फटकावायला लागतं आणि ती सवय बसते.

आता हिरवा. चेंडू म्हणून तो चांगला आहे. स्पिन घेतो, खरा टेनिस चेंडू वाटतो. माझी तक्रार कोर्टाबद्दल आहे. नारंगीवरून हिरव्यावर येताना चेंडू एक पायरी वेगवान होतो आणि त्याच दिवशी कोर्ट साडेपाच-पावणेसहा मीटरनं लांबतं. वरचा उंचीचा हिशोब इथेही लावा: हिरवा चेंडू 120 ते 135 सेंटीमीटर उसळतो आणि दहा वर्षांचं मूल सरासरी 138 च्या आसपास. लालमध्ये जपलेलं प्रमाण इथे जवळपास सुटलेलं असतं. चेंडू पुन्हा खांद्यावर. सरकलेली पकड, मागे मागे जाणं, उंच उंच चेंडू टाकून वेळ काढणं, पिवळ्यावरचे सगळे दोष हिरव्यावर परत डोकं वर काढतात. दोन बदल एकाच वेळी नकोत, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून मी मध्ये एक पायरी घालते: हिरवा चेंडू, पण नारंगी कोर्टावर. चेंडूचा वेग सवयीचा झाला की मग नारंगी चेंडू घेऊन थोडे दिवस मोठ्या कोर्टावर, फक्त पळण्याचा अंदाज यावा म्हणून. त्यानंतर दोन्ही एकत्र. नियमात हे नाही, पण सरावात कोणी अडवत नाही.

सगळ्यात जास्त ताण येतो तो वर कधी पाठवायचं यावर. सर्वसाधारण वयं दिलेली आहेत: लाल पाच ते आठ, नारंगी आठ ते दहा, हिरवा नऊ-दहाच्या पुढे. पालक ही वयं शाळेच्या इयत्तांसारखी धरतात. "त्याचा मित्र नारंगीवर गेला, आमचा अजून लालच?" मी वय बघत नाही. मला बघायचं असतं ते इतकंच: मूल सामन्यात, म्हणजे गुण मोजले जात असताना, फटका मारण्याआधी थांबून उभं राहू शकतं का, चेंडूची दिशा मुद्दाम बदलतं का, आणि पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी सर्व्हिस डोक्यावरून मारून आत टाकतं का. सरावात कोणीही छान खेळतं. सामन्यात या तीन गोष्टी दिसल्या की पाठवते, मग वय सात असो की दहा. आणि वर गेल्यावर महिनाभरात पकड सरकायला लागली, तर परत खाली आणते. मुलांना त्याचं फारसं काही वाटत नाही. पुन्हा रॅली जमायला लागली की ती खूश असतात.

अकरा-बारा वर्षांचं, अगदी नव्यानं रॅकेट धरणारं मूल आलं तर? त्यालाही मी नारंगीच देते. प्रौढ नवशिक्यांना हिरवा. बरेच जण आधी नाखूश असतात, पण पहिल्या तासात लांब रॅली झाली की पिवळा मागत नाहीत.

टिकाऊपणाचं सांगायचं तर लाल आणि नारंगी भरपूर चालतात. हिरवा लवकर मरतो. जुना हिरवा आणि नवा हिरवा डोक्याच्या उंचीवरून एकाच वेळी सोडून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. असा मेलेला हिरवा फेकू नका, वर सांगितलेल्या मधल्या पायरीला तो छान चालतो.

बनवणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. लाल चेंडू लांबूनच ओळखू येतो, पण हिरवा म्हणजे पिवळ्या चेंडूवर एक ठिपका, आणि नारंगीचंही काही कंपन्या तसंच करतात. खडबडीत कोर्टावर तो ठिपका घासून जातो, टोपलीत सगळे एकत्र होतात, आणि मग रॅलीच्या मधोमध एखादा चेंडू अचानक उंच उसळतो. मूल गोंधळतं, त्याला वाटतं आपलंच चुकलं. अर्धा चेंडू पूर्ण रंगाचा करा. तोवर प्रत्येक पायरीची टोपली वेगळी ठेवा आणि पुसट झालेला ठिपका जाड मार्करनं पुन्हा काढा.