त्रास वाढला की त्या म्हणायच्या, "छान चाललंय"

आमचं घर सांगलीच्या गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आई-बाबा आणि दादा त्या आठवड्यात पुण्यात होते. मी आणि आजी वरच्या मजल्यावर अडकलो. दुसऱ्या रात्री आजी गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटे काका बोट घेऊन आले, तोवर मी शेजारच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. काकांनी आजीला उचलून खाली नेलं आणि मग माझा हात धरला, एवढं मला नीट आठवतं. हे आधी सांगते, कारण पुढे माझ्याकडून हेच हिसकावून घेतलं गेलं.

वर्षभराने त्रास सुरू झाला. मी शाळेत शिकवते. एकदा फळ्याकडे पाहिलं तर अर्धा धडा माझ्याच अक्षरात लिहिलेला, आणि तो कधी लिहिला याचा मला पत्ता नाही. मुलं शांतपणे उतरवून घेत होती. कधी स्वतःचा आवाज लांबून यायचा, कधी हात दुसऱ्या कुणाचे वाटायचे. मिरजेच्या मानसोपचार डॉक्टरांनी याला डिसोसिएशन म्हणतात असं सांगितलं. मनाला एखादी गोष्ट सोसवेना की ते तिथून बाजूला होतं, आणि नंतर कारण नसतानाही बाजूला होत राहतं. त्यांनी सर्ट्रालिन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी सुरू केली आणि म्हणाले, "घाई करायची नाही." पण ओपीडीत दहा मिनिटं मिळायची, बाहेर रांग असायची. चार महिन्यांनी झोप सुधारली, आठवणीतले ते कोरे तुकडे मात्र राहिले.

आमच्या घरात बुवा-बाबा चालत नाहीत. बाबा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांना जायचे. दाभोलकरांची हत्या झाली त्या २० ऑगस्ट २०१३ च्या रात्री बाबा जेवले नव्हते. मामींनी "काही बाहेरचं आहे का बघा" म्हटलं तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते. म्हणून मला वाटायचं, मी फसणाऱ्यांतली नाही. पण मला फसवणाऱ्या बाईंकडे अंगारा नव्हता. त्यांच्याकडे मेंदूची रंगीत चित्रं होती, परदेशी प्रमाणपत्रं होती, आणि माझ्यासाठी दोन तास होते. दोन तास कुणी तुमचं ऐकतं तेव्हा काय होतं हे ज्याला कधी ते मिळालं नाही त्यालाच कळेल. पहिल्या दिवशी मी तिथून रडत, हलकी होऊन बाहेर पडले.

त्या स्वतःला ट्रॉमा कोच म्हणवत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आघात पेशींत साठतो आणि तो श्वास, ढोलाची लय आणि 'मागे जाणं' यांनी सुटतो. मी विचारलं होतं, याचा अभ्यास झालाय का? त्यांनी ईएमडीआरचं, म्हणजे डोळे हलवत आघाताची आठवण हाताळण्याच्या उपचाराचं, उदाहरण दिलं. "त्यालाही आधी लोक हसले, आज जगभर वापरतात." ते ऐकून मी गप्प बसले. आज मला ते उत्तर वेगळं दिसतं. फ्रान्सिन शपिरो यांना १९८७ मध्ये डोळ्यांच्या हालचालींची ती कल्पना बागेत फिरताना सुचली, हे खरं. लोकांना शंका आली, हेही खरं. पण १९८९ मध्ये त्यांनी आपला पहिला अभ्यास छापून इतरांसमोर ठेवला. इतरांनी तो तपासला, चुका काढल्या, रुग्णांचे गट करून तुलना केल्या. त्यानंतर २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर ताणासाठी त्याची शिफारस केली. डोळे हलवण्याचा स्वतंत्र फायदा किती, यावर संशोधक अजूनही भांडतात. म्हणजे ती पद्धत हसणाऱ्यांपुढे उभी राहिली. बाईंच्या पद्धतीला तपासणाऱ्यापुढे कधी उभंच केलं गेलं नव्हतं.

पहिल्या तीन सत्रांचे ९,००० रुपये. मग 'खोल प्रक्रिये'ची १२ सत्रं, ९६,००० रुपये, आगाऊ. मी ठेव मोडली. पावतीवर फी हा शब्द नव्हता, 'योगदान' होतं. सही केलेल्या कागदावर बारीक अक्षरात छापलं होतं की ही वैद्यकीय सेवा नाही. ते मी वाचलं होतं, आणि तरी सही केली.

चौथ्या सत्रानंतर त्या म्हणाल्या, गोळी चालू असेल तर पेशी बोलत नाहीत. मी सर्ट्रालिन एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका, चक्कर, मळमळ. मी घाबरून फोन केला. "छान चाललंय," त्या म्हणाल्या, "साठलेलं सुटतंय." ही गोळी एकदम तोडली की असे झटके बऱ्याच जणांना येतात, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. हे मला नंतर डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं. पण तेव्हा तो झटका माझ्यासाठी पुरावा ठरला. झोप गेली, तोही पुरावा. वर्गात कोरे तुकडे वाढले, तोही पुरावा. बरं वाटलं तर पद्धत लागू पडली आणि वाईट वाटलं तर ती खोलवर पोचली. माझ्या बाबतीत असं काहीही घडू शकत नव्हतं, ज्यावरून पद्धत चुकली असं म्हणता आलं असतं. माझ्यासारख्यांनी एवढंच एक ओळखावं म्हणून हे सगळं लिहिते आहे.

सातव्या सत्रात त्यांनी मला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. नव्याने जन्म घ्यायचा होता. मी "श्वास अडकतोय" म्हटलं तर मदतनीस मुलीने ब्लँकेट आणखी घट्ट धरलं, कारण अडकणं हाच त्यातला भाग होता. चार-पाच मिनिटांत सुटले. पुढे कधीतरी मी अमेरिकेतल्या कोलोरॅडोची हकिकत वाचली. एप्रिल २००० मध्ये दहा वर्षांच्या एका मुलीला अशाच 'पुनर्जन्मा'साठी चादरीत गुंडाळलं होतं. श्वास घेता येत नाही असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि तिचं म्हणणं उपचाराला होणारा विरोध समजलं गेलं. ७० मिनिटांनी चादर उघडली. दुसऱ्या दिवशी ती गेली. दोघी उपचारकांना १६ वर्षांची शिक्षा झाली. ते वाचलं त्या दिवशी मी शाळेत गेले नाही.

पण सगळ्यात जास्त नुकसान केलं ते नवव्या सत्राने. डोळ्यांवर पट्टी, फोनवर ढोल, मी चटईवर. त्यांच्या मते पूर हे मूळ नव्हतंच. "पाण्याखाली बघ. तू लहान आहेस. खोलीत कोण आहे?" मला कुणी दिसत नव्हतं. "पुरुष आहे का? ओळखीचा आहे? त्याचे हात बघ." हात म्हटल्यावर मला काकांचे हात दिसले, बोटीत चढताना माझं मनगट धरलेले. "हं," त्या म्हणाल्या, "आता थांबू नकोस." पुढच्या तीन सत्रांत त्या हातांभोवती एक खोली उभी राहिली, एक दुपार उभी राहिली, आणि मला खात्री झाली. मी काकांना मेसेज केला. काय लिहिलं ते इथे लिहिणार नाही. आईने दोन दिवस अन्न सोडलं. काका काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र आमच्या घरी पाऊल टाकणं बंद केलं.

हे नीट वाचा, कारण यातून उलटा अर्थ काढला तर अन्याय होईल. लहानपणी अत्याचार होतात, घरातली माणसं करतात, आणि ज्यांना ते आठवतं त्यांच्यावर विश्वास ठेवायला हवा. मी बोलतेय ते पट्टी बांधून, प्रश्नातच उत्तर घालून तयार करवून घेतलेल्या चित्राबद्दल. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये छापलेल्या प्रयोगात २४ जणांना सांगितलं होतं की लहानपणी तुम्ही बाजारपेठेत हरवला होता. तसं काही झालेलं नव्हतं. तरी साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ते पूर्ण किंवा थोडंफार 'आठवलं'. ती तर धडधाकट माणसं होती. माझ्यासारखी, आधीच स्वतःपासून तुटणारी बाई तंद्रीत गेल्यावर काय काय स्वीकारेल!

मग महाबळेश्वरच्या बाजूचं तीन दिवसांचं शिबिर, ३८,००० रुपये. तिथून आल्यावर आठवड्याने मी मिरज स्टेशनच्या बाकावर बसलेली होते. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात आईची. तिथे कशी आले ते आजही माहीत नाही. चहाच्या गाड्यावरच्या मावशींनी माझ्या फोनवरून दादाला बोलावलं. घरी आणल्यावर दादा ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "तुला बरं वाटलं नाही तर त्या काय म्हणतील?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बाईंनाच फोनवर विचारलं, "मॅडम, काय झालं तर तुम्ही म्हणाल की ही पद्धत मला लागू पडत नाही?" त्या शांतपणे म्हणाल्या, "हा प्रश्न तुझा नाही. तुझ्यातला जो भाग बरा व्हायला घाबरतो, त्याचा आहे." जिला स्वतःचेच हात परके वाटतात तिला हे सांगितलं. मी फोन ठेवला आणि परत गेले नाही.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा लाज वाटत होती. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. या ताईंनी पहिल्याच भेटीत आपला नोंदणी क्रमांक सांगितला. १९९२ च्या कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी करावी लागते आणि तो क्रमांक आपल्याला पडताळून पाहता येतो. 'कोच' किंवा 'हीलर' या शब्दांवर अशी कुठलीच नोंद नाही. ज्याची नोंदणीच नाही त्याची नोंदणी रद्द कशी करणार, हे मला तक्रार करायला निघाल्यावर कळलं.

ताईंनी पहिले पाच महिने पुराचा विषयच काढला नाही. मी अधीर व्हायचे. त्या सांगायच्या, आधी उभं राहायला जागा हवी, मग पाण्यात उतरायचं. आघातावरच्या उपचाराचे हे टप्पे, म्हणजे आधी स्थिर होणं, मग आठवणीकडे जाणं, मग रोजच्या जगण्यात परतणं, फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. आजही डिसोसिएशनमध्ये जाणकार याच क्रमाने जातात. आमचं काम दिसायला साधं होतं. मन सुटतंय असं वाटलं की तळहातावर खडूचा तुकडा घट्ट दाबायचा, त्याचा खरखरीतपणा शब्दांत सांगायचा, वर्गातल्या पाच वस्तू मोजायच्या. दर महिन्याला एक प्रश्नावली भरायची. एका महिन्यात आकडे बिघडले तेव्हा ताई म्हणाल्या, "म्हणजे आपण घाई केली. मागे येऊ." माझ्या बिघडण्याला कुणीतरी बिघडणं म्हटलं. मला रडू आलं.

त्या खोलीचा उलगडाही तिथेच झाला. ताईंनी काही सुचवलं नाही, चित्रात काय दिसतं एवढंच विचारलं. मी सांगू लागले: दार, दुपार, खाली राखाडी फरशी, तिच्यावर पांढरे ठिपके. बोलता बोलता थांबले. काकांच्या जुन्या घरात शहाबादी होती. पांढऱ्या ठिपक्यांची राखाडी फरशी बाईंच्या खोलीतली होती, पट्टी बांधण्याआधी रोज मी तिच्याकडेच बघत असे.

१,४३,००० रुपयांपैकी एक रुपया परत आलेला नाही. पावत्या, तो कागद, 'छान चाललंय' असे मेसेज, सगळं जपून ठेवून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. तिला दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा वाट बघत बसू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मला रीत समजावून सांगितली. आणि रात्री-अपरात्री मन सुटायला लागलं, डॉक्टर लांब असला, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी दोनदा लावला आहे.

या गौरीला मी काकांकडे गेले. काकांनी मला शेजारी बसवलं, पुराच्या त्या दुपारी बोटीत कोण कोण होतं ते एकेक नाव घेऊन सांगितलं. मी फरशीचं सांगितलं. ते बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.