कारैकुडीचा ‘बंगला’ आणि जुन्या सामानाची गल्ली: एका सोलापूरकर जोडप्याचं मत

लग्नाच्या वाढदिवसाला आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी महाबळेश्वर गाठतात, उरलेली गोवा. आम्ही तमिळनाडूतल्या कारैकुडीला गेलो ते आमच्या ह्यांच्यामुळे. जुना अडकित्ता, जुनी बरणी, बंद पडलेलं घड्याळ, काहीही दिसलं की ह्यांची पावलं तिथंच रुततात. माझं चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान. मला वस्तू आवडण्याआधी तिचा भाव दिसतो. तेव्हा खालचं मत दोघांचं मिळून आहे असं समजा. भांडण झालं तिथं माझं.

जायचं कसं ते आधी. सोलापूरहून चेन्नईला मुंबईकडून येणाऱ्या गाड्या थेट मिळतात. चेन्नई सेंट्रलला उतरून एग्मोर स्टेशन गाठायचं आणि तिथून पल्लवन एक्स्प्रेस. गाडीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी हवीच. विमानानं जाणाऱ्यांना त्रिची किंवा मदुराई, दोन्हीकडून साधारण ९० किलोमीटर. आणि सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात राहून शिकलेल्या तेलुगूवर तिथं काही निभत नाही, हातवारे करायची तयारी ठेवा.

‘द बंगला’ हे मुळात चेट्टियार, म्हणजे इथल्या व्यापारी समाजातल्या, पुरुषांचं क्लबघर, गेल्या शतकाच्या सुरुवातीचं. १९९९ पासून तिथं हॉटेल चालतं. फोटोतले ते चेट्टियारांचे खांबांचे प्रचंड वाडे डोळ्यांसमोर ठेवून जाल तर सांगते, हा वाडा नव्हे. बैठं, ऐसपैस, व्हरांड्याचं घर. आम्हाला तेच आवडलं. राजवाड्यात उतरलं की दोन माणसं हरवून जातात, इथं व्हरांड्यात खुर्ची ओढून चहा घेताना आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे आलोय असं वाटतं.

पण खरं जायचं ते दुपारच्या जेवणासाठी. केळीच्या पानावर एकेक वाढत जातात आणि वाढणाऱ्याला ‘पुरे’ कळत नाही. चेट्टिनाडचं, म्हणजे ह्या चेट्टियार मुलुखाचं, जेवण म्हणजे जहाल, असं सगळे घाबरवतात. सोलापूरकराला त्याचं काय! तिखटापेक्षा मसाल्याचा वास पुढं येतो: मिरी, बडीशेप, चक्रीफूल आणि चक्क आपलं दगडफूल. चिकनच्या पहिल्या घासाला हे म्हणाले, “काळ्या मसाल्याचा लांबचा भाऊ आहे गं.” आप्प्यांसारखे पणियारम झाले, शेवटी काळ्या तांदळाचा गोड पदार्थ आला. हा तांदूळ चेट्टियार व्यापाऱ्यांबरोबर ब्रह्मदेशातून आला म्हणतात. मी दुसऱ्यांदा मागून घेतला. हॉटेलात न उतरता नुसतं जेवायला जाणार असाल तर आधी कळवून जा.

वाडे बघायला जवळची गावं, कानडुकाथान आणि आत्तंगुडी. ब्रह्मदेशी सागवान, इटालियन संगमरवर आणि अंड्याचा पांढरा बलक घालून घोटलेल्या चुन्याच्या भिंती. हात फिरवला तर काचेसारख्या लागतात. आत्तंगुडीला फरशीचा कारखाना चुकवू नका. काचेवर साचा ठेवून त्यात रंगीत सिमेंट ओततात, वर वाळू-सिमेंटचा थर देतात, मग फरशी पाण्यात मुरवतात. भट्टी नाहीच.

आता ती गल्ली. मुनीश्वरन कोविल स्ट्रीट. एकाला एक लागून दुकानं आणि आत छतापर्यंत सामान: एनॅमलची भांडी, समया, ब्रह्मी लाखेचे डबे, हुंड्याच्या पेट्या, रविवर्म्याची चित्रं. आणि खांब. अख्खे सागवानी खांब, कोरीव दारं, भिंतीला टेकवून ठेवलेली. सकाळी जे वाड्यात उभं बघितलं तेच संध्याकाळी इथं आडवं. दुसऱ्या महायुद्धात चेट्टियारांचा ब्रह्मदेशातला धंदा बुडाला, वारस शहरांत पांगले, एकेका घराचे पंचवीस वाटेकरी झाले. मग घर सुट्या भागांत विकलं जातं. आपल्या पेठांतले वाडे पडले तेव्हा त्यांचं लाकूड कुठं गेलं हे कुणी विचारलं नव्हतं. ह्यांना एक दार फार आवडलं होतं. आधी मी फ्लॅटचं कारण सांगितलं, खरं कारण नंतर रात्री.

एका दुकानदारानं रविवर्म्याच्या छापखान्यातलं ‘अस्सल’ जुनं छापील चित्र पुढं केलं. छापखाना १८९४ चा, मुंबईतला, पुढं मळवलीला गेलेला. म्हणजे चित्र आपल्याच मुलुखातलं. कापडाचे धागे मोजायचं भिंग माझ्या पर्समध्ये असतंच. लावून पाहिलं तर ठिपके सारख्या अंतरावर, ओळीत बसलेले. जुन्या शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्राचा, दाणा असा शिस्तीत नसतो. मी भिंग त्याच्याच हातात दिलं. किंमत लगेच उतरली, तरी घेतलं नाही. समयांचंही तसंच, बुड बघा: जुनी असेल तर झिजलेली असते, नव्याला नुसता काळा रंग फासलेला. देवाच्या जुन्या मूर्तींच्या वाटेला जाऊच नका. शंभर वर्षांपुढच्या मूर्तीला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, नोंदणी लागते, विकणाऱ्याला परवाना लागतो.

आम्ही घेतला तो एनॅमलचा जेवणाचा डबा, कडेला टवके उडालेला, म्हणून स्वस्त. शिवाय मी एक कंडांगी साडी घेतली. २०१९ मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. जाड सूत, रुंद काठ, पोत घट्ट. धंद्यातली म्हणून सांगते, पैसे वसूल.

तिथले दुकानदार एनॅमल वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, ते प्रवासाला पुरत नाही. निघताना बॅगेत दोन जाड टॉवेल जास्तीचे टाका. आमच्याच दुकानातले हवेत असं नाही.