एका दिवसात राजवाडा: देवगड की चंद्रपूर?

सकाळी नागपुरातून निघायचं, रात्रीच्या जेवणाला घरी आणि मधल्या वेळात एखादा भव्य राजवाडा. असा बेत निघाला की घरातलं कोणीतरी विचारतंच, "आपल्याकडे कुठं आला राजवाडा?" विचारणाऱ्याचं फारसं चुकतही नाही. नागपूरकर भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा वाडा १८६४ मध्ये जळाला. झुंबरं, गालिचे आणि तलवारी मांडलेली दालनंच बघायची असतील तर म्हैसूर-ग्वाल्हेरचं तिकीट काढावं. ते एका दिवसाचं काम नाही. एका दिवसात होतात त्या गोंड राजांच्या दोन राजधान्या: मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातला देवगड आणि आपलं चंद्रपूर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वतःची गाडी असेल आणि सोबतच्या सगळ्यांचे गुडघे शाबूत असतील तर देवगड. आई-बाबा, लहान पोरं किंवा रेल्वेनेच जायचं असेल तर चंद्रपूर. देवगडला राजवाडा पडका आहे, पण आत मोकळेपणी हिंडता येतं. चंद्रपूरच्या राजमहालात जिल्हा कारागृह आहे, म्हणजे बाकीच्यांनी बाहेरूनच नमस्कार करायचा. पण तिथं राजाचं अख्खं शहर, तटासकट, अजून वस्तीत आहे.

रस्त्याचं आधी बोलू, कारण रविवार तिथंच खर्च होतो. देवगड सव्वाशे किलोमीटरच्या घरात. सावनेर, सौंसर, रामाकोना, मग सिल्लेवानीचा घाट, उमरानाला, आणि तिथून हमरस्ता सोडून मोहखेडच्या बाजूला आत. सौंसरपर्यंत तर परराज्यात आल्यासारखं वाटतही नाही. संत्र्याचे बगीचे तसेच आणि चहाच्या टपरीवर मराठीही तशीच. आतला फाटा सुरू झाला की वेग पडतो. वाटेत दोनदा थांबलात तर तीन तास धरा. छिंदवाड्याच्या बसने उमरानाल्यापर्यंत जाता येईल, पण पुढचं सगळं नशिबावर. बसने देवगड एका दिवसात करण्याच्या फंदात पडू नये.

चंद्रपूर अंतराने लांब, दीडशे किलोमीटर, पण हमरस्ता सरळ: बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती. शिवाय रेल्वे आहे, आणि ही सोय लहानसहान नाही. दक्षिणेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या चंद्रपूरला थांबतात. ज्या थांबत नाहीत त्यातल्या काही बल्लारशाला, म्हणजे बल्लारपूरला, थांबतात, आणि तिथून चंद्रपूर पंधरा किलोमीटर. स्टेशनवर उतरलात की पुढचं सगळं ऑटोने.

आता बघायचं काय. देवगडवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नागपूरचं मूळच तिथं आहे. जाटबा हा इथला पहिला नाव कमावलेला राजा. तो गवळी राजांच्या चाकरीत होता आणि त्यांचंच राज्य त्याने घेतलं, अशी कथा आहे. कथा सोडून द्या. अकबराच्या दरबारातल्या 'ऐन-ए-अकबरी'त त्याचं नाव दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभर हत्तींसह नोंदवलं आहे. पुढे याच घराण्यातल्या बख्त बुलंद शाहने दिल्ली पाहिली, औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला आणि परत येऊन १७०२ मध्ये बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवलं. त्याच्या मुलाने, चांद सुलतानने, राजधानीच नागपूरला हलवली आणि देवगड मागे पडलं. आज सीताबर्डीत पार्किंगसाठी भांडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हे गाव पाहिलंय?

किल्ला डोंगरावर, भोवती दरी आणि झाडी. पायथ्याच्या गावातून चढ लागतो. दमछाक होते, पण ट्रेकिंगचा सराव लागत नाही. वर नगारखाना त्यातल्या त्यात शाबूत आहे. त्याच्या कमानीखाली उभं राहून वर बघा: विटांचे थर, चुन्याचा गिलावा जिथं टिकलाय तिथली नक्षी, आणि भेगांतून उतरलेली पिंपळाची मुळं. पुढे कचेरी आणि हत्तीखाना. बादलमहालाचे नुसते अवशेष आहेत, नाव ऐकून फार अपेक्षा ठेवू नका. मोती टाका मात्र चुकवू नका. डोंगरमाथ्यावरचा हा पाण्याचा हौद. पूर्वी त्याच्या तळाला पडलेलं नाणंही वरून दिसायचं, असं सांगतात. गावात आणि आसपास जुन्या बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, विखुरल्या आहेत. लोक आकडा आठशे-नऊशे सांगतात. तो सोडून दिला तरी एवढ्या उंचीवर शहर वसवणाऱ्याला पाण्याचं किती कळत होतं, ते डोळ्यांना दिसतं. उतरल्यावर दोन-तीन बावड्यांसाठी तासभर राखून ठेवा.

चंद्रपूरची गंमत निराळी. इथं चढायचं काही नाही, हिंडायचं आहे. राजधानी बल्लारपूरहून इथं आणणारा खांडक्या बल्लाळशाह. झरपट नदीच्या पाण्याने त्याच्या अंगावरचे फोड बरे झाले म्हणून त्याने इथं शहर वसवलं, अशी आख्यायिका. अकरा-बारा किलोमीटरचा परकोट, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसान अशा पाच खिडक्या, म्हणजे तटातले छोटे दरवाजे. जटपुरा दरवाज्यावर हत्तीला खाली दाबणारा सिंह कोरलाय. ते गोंड राजांचं चिन्ह, आणि त्याच्या नाकाखालून दिवसभर रहदारी चालते. फोटो काढायचा तर सकाळी आठच्या आत, नाहीतर चौकटीत निम्मी स्कूटर येणारच. काही वर्षांपूर्वी हा तट झाडाझुडपांत आणि कचऱ्यात गडप झाला होता. इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून रोज पहाटे श्रमदान करून तो मोकळा केला. आज बगड खिडकीजवळ तटावर चढून चालता येतं ते त्यांच्यामुळे.

राजमहालाची हुरहूर इथं भरून काढते ती बीरशाहची समाधी. अंचलेश्वर दरवाज्याला लागून, अंचलेश्वराच्या देवळाच्या आवारात. बीरशाह हा चंद्रपूरचा गोंड राजा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मारला गेला. राणी हिराईने त्याच्या मागे ही समाधी बांधली आणि महाकालीचं देऊळही. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेल्या कबरीचं कौतुक करायला आपण आग्र्यापर्यंत जातो, बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही इथं दीडशे किलोमीटरवर आहे. अंचलेश्वराच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पंही घाई न करता बघा. महाकालीची एक गोष्ट या दोन गावांना जोडते: देवगडच्या दुर्गशाहने बीरशाहच्या मुलीचा अपमान केला, बीरशाहने त्याचं मुंडकं देवीला वाहण्याचा नवस केला आणि फेडलाही. देवळावरचं दगडी मुंडकं देवगडच्या दिशेने बघतं, असं चंद्रपुरात सांगतात. म्हणून दोन्ही ठिकाणी जाणार असाल तर आधी देवगड करा, गोष्ट जास्त रंगते.

कारागृहाबद्दल एवढंच, की ते नुसतं 'बंद आहे' म्हणून ओलांडू नका. इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या बाबुराव शेडमाकेंना १८५८ च्या २१ ऑक्टोबरला इथंच फाशी दिली. वेळ उरला तर लालपेठच्या अपूर्ण देवळात जा. तिथं दहा तोंडांची एक प्रचंड मूर्ती उघड्यावर आडवी पडली आहे, लोक तिला रावण म्हणतात. किंवा संध्याकाळी बल्लारपूरच्या किल्ल्यावर, वर्धा नदीच्या काठी. दोन्ही करायला गेलात तर परतीची गाडी चुकेल.

खाण्याचा प्रश्न चंद्रपूरला नाहीच. सकाळी तर्री-पोहे, दुपारी हवं तिथं जेवण. देवगडला डबा बांधूनच न्या. गडावर काही मिळेल या भरवशावर जाऊ नये, आणि पाणी माणशी दोन लिटर तरी. सावली फार नाही.

ऋतूही निवडीचा भाग आहे. एप्रिल-मेमध्ये दोन्ही नकोत. चंद्रपूरचं ऊन तर नागपूरकरालाही नमवतं, आणि कोळशाची धूळ वेगळीच. चैत्रात महाकालीची यात्रा असते, तेव्हा तिथं मुंगीला वाट नसते. श्रावणाच्या आगेमागे देवगडची दरी हिरवीगार, फोटो सुरेख, पण पायऱ्या शेवाळलेल्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दोन्हीकडे उत्तम.

दीडशे-सव्वाशेचे आकडे ऐकूनच कंटाळा आला असेल तर तिसरा पर्याय, अर्ध्या दिवसाचा: रामटेकजवळचं नगरधन, चाळीसेक किलोमीटरवर. वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी ती हीच. इथल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची, शंखाचं चिन्ह असलेली मातीची मुद्रा सापडली. चंद्रगुप्त दुसऱ्याची ही मुलगी, नवऱ्यामागे राज्य सांभाळणारी. किल्ला नीट डागडुजी केलेला आहे, पोरांना पळायला जागा आहे, जमिनीखाली उतरत जाणारं देवीचं ठाणं आहे. राजवाडा म्हणाल तर नुसता पाया. जोडीला रामटेकचा गड, पण पिशवीतलं खाणं माकडांपासून सांभाळा.

देवगड ठरलं तर साडेसहाला मानकापूर सोडा. दहाच्या आत पायथ्याशी, दीडपर्यंत वर, मग डबा आणि बावड्या. चारला गाडी सुरू झाली की सिल्लेवानीचा घाट उजेडात उतरता येतो. चंद्रपूर ठरलं तर एवढी घाई नाही, फक्त परतीचं आरक्षण आधी करून ठेवा.