जुना अ‍ॅम्प, स्पीकर विकताना वेगळ्या खात्याची पद्धत : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पद्धत साधी आहे. विक्रीच्या पैशांसाठी एक वेगळं बचत खातं, ज्यात मोबाईल नंबर दिसत नाही असा यूपीआय आयडी, आणि वस्तू हातची सोडण्याआधी दोन प्रश्न : पैसे आले का, आणि कोणाच्या खात्यातून आले? अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर), बुकशेल्फ स्पीकर, टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) पुण्यातच विकताना आठ महिने हे वापरून झालं. दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे आणि तोच बहुतेक विक्रेते विचारत नाहीत.

पहिल्याचं उत्तर फक्त बँकेच्या अ‍ॅपमध्ये असतं. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट कोणालाही बनवता येतो. ‘रक्कम जमा’ असा एसएमएस साध्या १० आकडी नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही. शेवटची नोंद उघडायची, तिच्यातला १२ अंकी संदर्भ क्रमांक खरेदीदाराच्या फोनवरच्या क्रमांकाशी ताडायचा. वेगळ्या खात्यात दूध-भाजीच्या नोंदी नसल्यामुळे हे दहा सेकंदांत होतं. ‘चुकून २,५०० ऐवजी २५,००० गेले, बाकीचे परत करा’ हा फोनही नोंद पाहिली की तिथेच संपतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणणारा तुमच्या खात्यातून पैसे काढतोय.

आता दुसरा प्रश्न. पैसे खरे असतात, खात्यात जमाही होतात, पण ते तिसऱ्याच माणसाला फसवून वळवलेले असतात. तो माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार करतो, पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या बँकेपर्यंत पोचतात आणि रक्कम गोठवली जाते. कधी तेवढीच रक्कम अडकते, कधी अख्खं खातं. पगाराचं खातं असेल तर घराचा हप्ता चुकतो. वेगळं खातं ठेवायचं खरं कारण हे. जमा झाली की रक्कम लगेच मुख्य खात्यात ओढू नये, माग तिथपर्यंत जातो.

म्हणून समोर उभ्या माणसाचं नाव आणि नोंदीतलं नाव एकच हवं. ‘भाऊ पाठवतोय’, ‘मित्राच्या फोनवरून करतो’ याला नम्रपणे नाही म्हणायचं. यातच मधल्या माणसाचा डाव सापडतो : तो तुमचे फोटो वापरून तीच वस्तू दुसऱ्याला स्वस्तात विकतो, त्याला तुमच्याकडे पाठवतो आणि दोघांनाही ‘समोर किमतीचं बोलू नका’ असं बजावतो. पैसे तो घेतो, भांडण तुमच्या दारात. माणूस आला की पहिलं वाक्य हेच असावं : ‘किती ठरलंय आणि तुम्ही कोणाला देणार?’

लष्करी अधिकारी असल्याची बतावणी पुण्यात पटकन खपते, कारण खडकी, देहूरोड, लोहगाव इथे खरोखर लष्कर आणि हवाई दलाची माणसं राहतात. ओळखपत्राचा फोटो पुरावा धरू नये. खरा घेणारा ऐकायला येतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते का, दोन्ही चॅनल सारखे वाजतात का, स्पीकरचा फोम कुजलाय का, सुई किती वापरली, हे विचारतो आणि घासाघीस करतो. न ऐकता, न विचारता पूर्ण किंमत कबूल करणाऱ्यापासून सावध राहावं. ऐकवायला सोसायटीचं क्लबहाऊस बरं, किंवा तपकीर गल्लीतला (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ओळखीचा दुरुस्तीवाला, गाडी लावायचा त्रास सोसायची तयारी असेल तर.

पद्धतीच्या उणिवा आहेत. नवीन फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, त्यामुळे प्रामाणिक माणूसही अडतो. एरवी दिवसाला साधारण १ लाख. त्यावरच्या व्यवहाराला बँकेतून थेट पाठवायचे आयएमपीएस (लगेच पोचतं) किंवा एनईएफटी. एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत जातं, तेवढं थांबायची तयारी आधीच विचारून घ्यावी. व्यवहार अधांतरी राहिला तर वस्तू द्यायची नाही. खरेदीदाराच्या खात्यातून गेलेली पण आपल्याकडे न आलेली रक्कम नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला परत जाते.

सगळ्यात अवघड जातात गणपतीआधीचे मंडळवाले. पैसे तीन कार्यकर्त्यांच्या फोनवरून तुकड्यांत येतात, नावं जुळत नाहीत. तिथे एकाच खात्यातून घ्यावेत, नाहीतर रोख. रोख घेताना ५०० ची नोट तिरकी करून पाहावी, सुरक्षा धागा हिरव्याचा निळा दिसतो.

प्रत्येक वेळी कागदावर मॉडेल, मागच्या पट्टीवरचा सीरियल नंबर, रक्कम, १२ अंकी क्रमांक, घेणाऱ्याचं नाव आणि सही. वस्तू वाजतानाचा, सीरियल नंबर दिसेल असा छोटा व्हिडिओ. खातं गोठलंच तर बँकेला आणि पोलिसांना हेच दाखवायचं असतं. शिवाय आठवड्याने कोणी स्पीकरमधला ट्वीटर (बारीक, उंच आवाज काढणारा भाग) बदलून ‘बिघडलेला दिलात’ म्हणत आला, तर तोच व्हिडिओ उघडायचा.