टेस्टोस्टेरॉन उपचारात डोस कसा ठरत गेला: वर्षभराहून अधिक वापरानंतरचा अनुभव

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीवरील गाठीची शस्त्रक्रिया झाल्यापासून माझ्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, म्हणून वर्षभराहून अधिक काळ मी ते इंजेक्शनाने घेत आहे. या काळात औषध तेच राहिले. बदलली ती मात्रा आणि दोन इंजेक्शनांमधील अंतर. या बदलांनी मला जो आराम दिला, तो औषध सुरू झाल्यामुळे मिळालेल्या आरामापेक्षा कमी नव्हता. या उपचाराविषयी बोलताना बहुतेक जण फक्त 'किती मिलिग्रॅम' एवढेच विचारतात. मात्र ते किती दिवसांनी घेतले, रक्त केव्हा काढले आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) कोठवर गेले, हे कळल्याशिवाय कोणाचाही डोस योग्य की अयोग्य हे सांगता येत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

निदानाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण डोसचा विचार तेथूनच सुरू होतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि खाण्यानेही खाली येते, त्यामुळे सकाळी उपाशीपोटी केलेल्या दोन वेगवेगळ्या दिवसांच्या तपासण्या कमी आल्या आणि लक्षणेही असली, तरच उपचाराचा विचार करतात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खालचे प्रमाण कमी मानते. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी तरुण पुरुषांसाठी खालची मर्यादा २६४ धरलेली आहे. माझे दोन्ही आकडे १५० च्या आत होते आणि एलएच व एफएसएच ही वृषणांना चालना देणारी पीयूषिकेची संप्रेरकेही खाली होती, म्हणजे दोष वृषणात नव्हता, त्यांना आदेश देणाऱ्या ग्रंथीत होता. हे इतके स्पष्ट असल्यामुळे औषध घ्यावे की नाही हा प्रश्न माझ्यापुढे आला नाही. ज्यांचा आकडा सीमारेषेवर असतो आणि थकव्याचे कारण अपुरी झोप, लठ्ठपणा किंवा दुसरे एखादे औषध असू शकते, त्यांचा निर्णय माझ्यापेक्षा कितीतरी अवघड असतो.

सुरुवातीलाच डॉक्टरांनी एक हिशेब समजावून दिला, त्याचा मला पुढे फार उपयोग झाला. निरोगी पुरुषाचे शरीर दिवसाला साधारण ३ ते १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करते. कुपीवर लिहिलेला आकडा मात्र शुद्ध टेस्टोस्टेरॉनचा नसतो, तो त्याच्या एस्टरचा, म्हणजे शरीरात हळूहळू सुटावे म्हणून आम्ल जोडलेल्या रूपाचा असतो. एनँथेटच्या वजनात सुमारे ७२ टक्के, सायपिओनेटमध्ये सुमारे ७० टक्के आणि अंडेकॅनोएटमध्ये सुमारे ६३ टक्के टेस्टोस्टेरॉन असते. म्हणजे एनँथेटचे २०० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी घेतले, तर रोजची सरासरी साधारण १० मिलिग्रॅम पडते, जी नैसर्गिक निर्मितीच्या वरच्या टोकाला आहे. १००० मिलिग्रॅमचे अंडेकॅनोएट ऐकायला प्रचंड वाटते, पण ते बारा आठवड्यांवर वाटले तर रोजचे साडेसात मिलिग्रॅमच होते. जेलचे ५० मिलिग्रॅम त्वचेवर लावले, तरी रक्तात उतरते ते साधारण त्याच्या दहा टक्के. हे लक्षात आल्यावर एका प्रकारच्या औषधाच्या मिलिग्रॅमची दुसऱ्याशी तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

माझी सुरुवात याच रूढ पद्धतीने झाली: एनँथेट, २०० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. पहिल्या काही आठवड्यांतच कामेच्छा परतली आणि सकाळी उठताना वाटणारा जडपणा ओसरला. पण त्याच वेळी प्रत्येक दोन आठवड्यांच्या चक्राला एक ठरावीक आकार येऊ लागला. इंजेक्शनानंतरचे तीन-चार दिवस अंगात अस्वस्थ उत्साह असे, झोप तुटक होत असे आणि चेहऱ्यावर तेल सुटत असे. मधले दिवस चांगले जात. शेवटचे तीन-चार दिवस मन उदास, चिडखोर आणि शरीर थकलेले. एनँथेटचे अर्धायुष्य (औषध निम्मे होण्यास लागणारा काळ) साधारण साडेचार दिवसांचे असल्यामुळे हे होणारच होते: पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी नैसर्गिक मर्यादेच्या वर जाते आणि दुसरा आठवडा संपताना खालच्या मर्यादेजवळ किंवा तिच्याही खाली येते. सरासरी योग्य असूनही मी त्या सरासरीवर क्वचितच असे.

याच काळातील रक्ततपासणी कशी वाचायची हेही समजून घेण्यासारखे आहे. इंजेक्शनानंतर दोन दिवसांनी रक्त काढले असते, तर अहवालात डोस फार जास्त दिसला असता. पुढच्या इंजेक्शनाच्या आदल्या दिवशी काढले असते, तर फार कमी. म्हणून एनँथेट व सायपिओनेटसाठी दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर रक्त काढण्याची आणि तो आकडा ३५० ते ६०० च्या बाहेर असेल तर मात्रा किंवा अंतर बदलण्याची शिफारस आहे. अंडेकॅनोएटच्या इंजेक्शनासाठी पुढचे इंजेक्शन घेण्याच्या अगदी आधी आणि जेलसाठी, किमान आठवडाभर वापर झाल्यावर, ते लावल्यानंतर २ ते ८ तासांनी रक्त काढतात. माझ्या प्रत्येक अहवालावर शेवटच्या इंजेक्शनाची तारीख आणि मात्रा मी स्वतः लिहून ठेवतो. ती नसेल तर तो अहवाल काही महिन्यांनी वाचणाऱ्याला, अगदी माझ्याच डॉक्टरांना, दिशाभूल करू शकतो.

दोन आठवड्यांच्या चढउतारांवर उपाय म्हणून मात्रा वाढवली गेली नाही. तीच मात्रा विभागून दर आठवड्याला १०० मिलिग्रॅम करण्यात आली. शेवटच्या दिवसांचा थकवा पाहून 'डोस कमी पडतो आहे' असे वाटणे साहजिक आहे, आणि तेथे २५० मिलिग्रॅम घेतले असते, तर पहिल्या दिवसांचा अतिरेक वाढला असता आणि शेवटची घसरण तशीच राहिली असती. आठवड्याच्या वेळापत्रकावर महिनाभरात चक्राचा आकार जवळजवळ नाहीसा झाला. आज कोणता वार आहे हे मनःस्थितीवरून ओळखता येण्याचे दिवस संपले, आणि घरच्यांनीही हा बदल मी सांगण्याआधी बोलून दाखवला.

मात्र खरा निर्णायक आकडा टेस्टोस्टेरॉनचा ठरला नाही, तो हिमॅटोक्रिटचा ठरला. रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा किती, हे हिमॅटोक्रिट सांगते. टेस्टोस्टेरॉन हेप्सिडिन हे संप्रेरक दाबते, त्यामुळे लोह अधिक उपलब्ध होते, तांबड्या पेशी बनवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा प्रभावही वाढतो आणि तांबड्या पेशींची निर्मिती वेग घेते. काही प्रमाणात हे हवेच असते, कारण टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांना सौम्य रक्तक्षय असू शकतो. पण रक्त फार दाट झाले तर गुठळ्यांचा धोका वाढू शकतो, म्हणून ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास उपचार थांबवून, ते खाली आल्यावर कमी मात्रेत पुन्हा सुरू करण्याची शिफारस आहे. तपासणी उपचारापूर्वी, तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी करतात. उपचारापूर्वी माझे हिमॅटोक्रिट ४४ टक्के होते. आठवड्याला १०० मिलिग्रॅमवर ते ५१.५ झाले, आणि मध्यावरचे टेस्टोस्टेरॉन ६८० आले. डोके जड वाटणे सोडले तर मला कसलाही त्रास नव्हता. हिमॅटोक्रिटची मर्यादा ओलांडलेली नव्हती, तरीही डॉक्टरांनी मात्रा ८० मिलिग्रॅम केली आणि झोपेत श्वास अडखळतो का याचीही तपासणी करून घेतली, कारण त्या विकारानेही हिमॅटोक्रिट वाढते.

मात्रा कमी होणार हे ऐकून मी धास्तावलो होतो; मिळालेले सगळे परत जाईल अशी भीती होती. प्रत्यक्षात पुढच्या तपासणीत मध्यावरचे टेस्टोस्टेरॉन ५२० आणि हिमॅटोक्रिट ४८ आले, कामेच्छेत काहीही फरक पडला नाही, झोप सुधारली आणि डोक्याचा जडपणा गेला. रक्तदान करून हिमॅटोक्रिट खाली आणायचे आणि मात्रा तशीच ठेवायची, असा मार्ग अनेक जण अवलंबतात. त्याने आकडा काही काळ खाली येतो, पण कारण कायम राहते आणि वारंवार रक्त काढल्याने शरीरातील लोह घटते. मात्रा खाली आणणे शक्य असताना हा मार्ग मला पटत नाही.

कमी मात्रेवर काही गमावले नाही याचे कारण संशोधनातही दिसते. शलेंदर भसीन यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण निरोगी पुरुषांची स्वतःची निर्मिती औषधाने बंद करून त्यांना आठवड्याला २५ ते ६०० मिलिग्रॅम एनँथेटच्या पाच वेगवेगळ्या मात्रा वीस आठवडे दिल्या होत्या. स्नायू आणि ताकद मात्रेनुसार वाढत गेली, हिमोग्लोबिन वाढले आणि चांगले कोलेस्टेरॉल घटत गेले. लैंगिक कार्य आणि मनःस्थितीत मात्र कोणत्याही मात्रेवर लक्षणीय फरक पडला नाही. याचा अर्थ मला असा लागतो की, मर्यादेच्या वरच्या बाजूला मात्रा वाढवून जे मिळते ते मुख्यतः स्नायू आणि त्यांच्याबरोबर येणारे दुष्परिणाम. ज्याला हरवलेले परत हवे आहे, त्याच्यासाठी तो सौदा नाही.

छातीत किंचित हुळहुळल्यासारखे वाटू लागले, तेव्हा इस्ट्रोजेन दाबणारी गोळी सोबत घ्यावी असे मला एका परिचिताने सुचवले होते. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग, विशेषतः चरबीच्या ऊतींमध्ये, एस्ट्राडिओल या मुख्य इस्ट्रोजेनमध्ये बदलतो हे खरे. पण २०१३ मध्ये जोएल फिंकेलस्टाइन यांच्या गटाने दाखवले की, पुरुषांमध्ये एस्ट्राडिओल कमी पडल्याने चरबी वाढते आणि कामेच्छाही घटते. हाडांनाही ते लागतेच. माझ्या डॉक्टरांनी गोळी दिली नाही, आणि मात्रा ८० वर आल्यानंतर ती तक्रार आपोआप मिटली. एका औषधाच्या अतिरेकावर दुसरे औषध घालण्यापूर्वी पहिलेच कमी करून पाहावे, हे मला अगदी योग्य वाटले.

जेलचा विचार आम्ही केला होता. त्याने पातळी अधिक स्थिर राहते आणि हिमॅटोक्रिट इंजेक्शनांच्या तुलनेत कमी वाढते. परंतु घरात लहान मूल आहे, आणि जेल लावलेल्या त्वचेच्या स्पर्शाने मुलांमध्ये अकाली यौवनाची लक्षणे दिसल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्यावर ठळक इशारा छापण्यास सांगितले. जागा झाकणे, हात धुणे हे सगळे शक्य आहे. तरी मला ती जोखीम नको होती.

हृदयाविषयीची काळजी मलाही होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका जास्त असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण औषधाने वाढलेले आढळले नाही. मात्र एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), फुप्फुसातील गुठळ्या आणि मूत्रपिंडाची अचानक इजा या गोष्टी औषध घेणाऱ्यांत अधिक आढळल्या. त्या चाचणीत रक्तातील पातळी पाहून मात्रा जुळवली जात होती, हे विसरता कामा नये; तिचा दिलासा मर्यादेबाहेरच्या मात्रांना लागू होत नाही. पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारांत वाढणारे रक्तातील प्रथिन, मीही ठरल्या वेळी तपासतो. पहिल्या वर्षात ते १.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त वाढले, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जायचे असते. माझे जवळजवळ स्थिर राहिले आहे.

ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांच्यासाठी मात्र योग्य मात्रेचा हा सगळा विचार लागूच होत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की एलएच व एफएसएच दबतात आणि वृषणातील शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत आठवड्याला २०० मिलिग्रॅम एनँथेट पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणूनच वापरून पाहिले होते, आणि निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू उरले नव्हते. कमी मात्राही ही निर्मिती दाबू शकते आणि औषध थांबवल्यावर ती परत यायला कित्येक महिने लागतात. आमचे कुटुंब पूर्ण झालेले असल्यामुळे मी हा परिणाम जाणूनबुजून स्वीकारला. माझ्यासारखा दोष पीयूषिका ग्रंथीत असलेल्या पुरुषाला मूल हवे असेल, तर एचसीजी (एलएचसारखे काम करणारे संप्रेरक) आणि गरजेप्रमाणे एफएसएचची इंजेक्शने हा वेगळा मार्ग उपलब्ध आहे, आणि त्याविषयीचे बोलणे पहिले इंजेक्शन घेण्यापूर्वीच व्हायला हवे.