रोमानियाचा व्हिसा आणि भाषेच्या क्लासची पावती: नाशिकच्या मुलांनी पैसे भरण्याआधी वाचावं

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आणि सिन्नर, निफाड, दिंडोरीकडून आयटीआय करून आलेल्या वेल्डर-फिटर मुलांपुढे रोमानियाचं आमिष ठेवलं जातं. रोमानियाला माणसं हवी आहेत, हे खरंच आहे. २०२२ ते २०२५ या चारही वर्षांत तिथल्या सरकारने युरोपियन युनियनबाहेरच्या एक लाख नव्या कामगारांचा वार्षिक कोटा ठेवला होता. खोटं असतं ते मधल्या माणसाचं 'पॅकेज', आणि त्यात भाषेचा क्लास हा सगळ्यात सोज्वळ दिसणारा भाग.

प्रकार असा चालतो. आधी मोफत सेमिनार, मग 'नोंदणी'चे थोडे पैसे. त्यानंतर सांगतात की दूतावासाला रोमानियनचं बी-१ (मध्यम पातळीचं) प्रमाणपत्र लागतं, तेव्हा आमच्याकडचा ४५ दिवसांचा कोर्स करा. मोठी रक्कम इथे जाते आणि पावतीवर फक्त 'भाषा प्रशिक्षण शुल्क' एवढंच लिहिलेलं असतं.

ही शब्दरचना मुद्दाम केलेली असते. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपयेच घेता येतं आणि त्याची पावती द्यावी लागते. वरचे पैसे कुठे दाखवायचे? क्लासमध्ये. व्हिसा आला नाही की उत्तर तयार असतं: "क्लास दिला ना तुम्हाला? पावती बघा." नोकरीचा पावतीवर उल्लेखच नसल्याने पोलीस ठाण्यातही प्रकरण फीच्या वादासारखं दिसू लागतं.

आता खरा क्रम बघा. नोकरी देणारी रोमानियन कंपनी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे आयजीआयकडे, तुमच्या नावाने कामाचा परवाना मागते. याला 'अविझ दे आंगाजारे' म्हणतात. हा अर्ज कंपनीच करते, कामगाराला तो करता येत नाही. अर्जासोबतच्या बायोडेटात कामगाराने स्वतःच लिहून द्यायचं असतं की आपल्याला जुजबी रोमानियन किंवा एखादी आंतरराष्ट्रीय भाषा येते. वेल्डर-फिटरच्या कामासाठी बी-१ प्रमाणपत्राची अट नाही. परवाना हातात आल्यावर रोमानियाच्या ई-विझा पोर्टलवर 'डी/एएम' या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज होतो. त्याची फी १२० युरो. तिथे पोचल्यावर राहण्याचा आणि कामाचा एकत्रित परवाना, 'पेर्मिस उनिक', काढावा लागतो. म्हणजे कंपनी आधी, मग परवाना, मग व्हिसा. जिथे क्लास आधी आणि कंपनीचं नाव 'नंतर कळवू', तिथून उठून यावं.

परवान्याची प्रत दाखवली तर त्यावर कंपनीचं पूर्ण नाव आणि तुमचा पासपोर्ट क्रमांक तपासा. कंपनीचा नोंदणी क्रमांकही मागा. रोमानियात त्याला 'कुय' म्हणतात आणि तो तिथल्या अर्थमंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनी चालू आहे की बंद, ते दिसतं. कंपनीला मेल पाठवायचा तो तुम्ही शोधलेल्या पत्त्यावर, एजंटने दिलेल्या जीमेलवर नव्हे. एजंटचा परवाना क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. भिंतीवर दुसऱ्याच फर्मचा परवाना फ्रेम करून लावलेला असू शकतो, म्हणून फर्मचं नाव, मालकाचं नाव आणि नाशिकचा पत्ता, तिन्ही जुळले पाहिजेत. "आम्ही मुंबईच्या मोठ्या एजंटचे सब-एजंट" हे उत्तर पुरेसं नाही.

कागदपत्रांच्या नावाने घेतलेले पैसेही मोजून बघा. पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्स ५०० रुपयांत निघतो. परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा शिक्का) शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे, त्यावर सेवा केंद्राचा थोडा आकार. पासपोर्ट 'फाइलसाठी' एजंटकडे ठेवून येऊ नका. तोच अडकवून पुढचा हप्ता काढतात.

पगाराची जाहिरात युरोत असते, पगार मात्र लेउ या रोमानियन चलनात मिळतो. जानेवारी २०२५ पासून किमान वेतन ४,०५० लेउ होतं, पण हा आकडा कपातीआधीचा. पेन्शनला २५ टक्के, आरोग्याला १० टक्के आणि उरलेल्यावर १० टक्के आयकर गेला की, किमान वेतनावरच्या सवलती धरून, हातात साधारण २,५७० लेउ पडत. करारात कपातीनंतरची रक्कम आणि राहण्या-जेवणाचा खर्च कोणाकडे, हे लिहून घ्या. "रोमानिया शेंगेनमध्ये आहे, तिथून जर्मनीत कामाला जाल" हेही सांगतात. रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये (आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, पण तुमचा कामाचा हक्क रोमानियापुरताच.

भाषा शिकूच नका, असं अजिबात नाही. साइटवरच्या सुरक्षेच्या सूचना आणि मुकादमाचं बोलणं कळायला ती हवीच. शिक्षकाची परीक्षा मात्र पहिल्याच दिवशी घ्या. 'पुस्तक' म्हणजे 'कार्ते', तर 'ते पुस्तक' कसं म्हणाल, हे विचारा. ठरावीकपणा दाखवणारा प्रत्यय रोमानियनमध्ये नामाच्या शेवटी लागतो: कार्ते-कार्त्या, ओम (माणूस)-ओमुल. मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, पण नपुंसकलिंगी शब्द एकवचनात पुल्लिंगी आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी वागतो: 'उन स्काउन' म्हणजे एक खुर्ची, 'दोउअ स्काउने' म्हणजे दोन. जो हे चटकन सांगू शकत नाही, तो इंटरनेटवरची वाक्यं घोकून घेतो. शून्यापासून ए-१ ही सगळ्यात खालची पातळी यायलाच ८०-१०० तास लागतात. ४५ दिवसांत बी-१ हा नुसता कागद असतो.

पैसे गेलेच असतील, तर व्हॉट्सअॅपवरचं नोकरीचं आश्वासन, जाहिरात, पावती आणि बँकेची नोंद आधी जपून ठेवा. ऑनलाइन दिलेल्या पैशांसाठी त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पोलिसांकडे लेखी तक्रार देताना 'क्लासची फी परत मिळत नाही' असं लिहू नका. 'परदेशी नोकरीच्या आमिषाने पैसे घेतले' असं लिहा, सोबत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक) आणि, एजंट नोंदणीकृत नसेल तर, एमिग्रेशन कायद्याची कलमं १० व २४ नमूद करा. तीच तक्रार मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी) कार्यालयाला पाठवा आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.